६,८०० डॉलरचं पिस्तूल, आणि पत्राच्या शेवटी आलेली पॉलिसी

प्रश्न: वय ३९, टेक्सासमध्ये नोकरी, ग्रीन कार्ड आहे. पत्नी सध्या घरी असते, मुलगी सहा वर्षांची. पगार वर्षाला १ लाख ३० हजार डॉलर. दोन वर्षांपासून यूएसपीएसए या व्यावहारिक नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत कॅरी ऑप्टिक्स डिव्हिजनमध्ये (पिस्तुलाच्या प्रकाराप्रमाणे पडलेल्या गटांपैकी एक) खेळतो. खेळाडूंच्या श्रेणीत सी क्लास, ५२ टक्के. वर्षाला साधारण ३,००० गोळ्या होतात. आता एका गनस्मिथकडून (बंदुका बनवणारा कारागीर) २०११ पद्धतीचं (हे प्रकाराचं नाव, वर्ष नव्हे) पिस्तूल बनवून घ्यायचं आहे. किंमत ६,८०० डॉलर, अर्धे आगाऊ आणि ते परत मिळत नाहीत, दहा महिने थांबायचं. चार मॅगझिन, रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी नेम धरायची काच), होल्स्टर धरून ८,२०० होतात. ४०१(के) मधून (नोकरीतलं निवृत्ती खातं) ८,००० चं कर्ज काढायचा विचार आहे. रेंजवरचे लोक म्हणतात, अशी पिस्तुलं किंमत टिकवतात, ही गुंतवणूकच आहे. घ्यावं का? निवृत्तीची सोय आधीच झाली आहे. तीन वर्षांपूर्वी ५ लाखांची आययूएल पॉलिसी (इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ, शेअर निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा) घेतली, हप्ता महिना ७५० डॉलर. तो बसावा म्हणून ४०१(के) ची कपात २ टक्क्यांवर आणली. कंपनी ५ टक्क्यांपर्यंत बरोबरीने भरते. पॉलिसीत वाढीची मर्यादा ९ टक्के आहे, आज सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मोडली तर हातात येणारी रक्कम) ९,४०० दिसते. बँकेत ७,००० आहेत, घरखर्च महिना ६,०००.

उत्तर: पिस्तूल आत्ता घेऊ नका आणि ४०१(के) ला हात लावू नका. त्याची कारणं खाली देतोच. पण तुमच्या पत्रातली सगळ्यात महाग वस्तू पिस्तूल नाही. ती तुम्ही शेवटच्या चार ओळींत, सोय झाली आहे म्हणून, उरकून टाकली आहे.

आधी कंपनीचा वाटा. पगाराचे ५ टक्के म्हणजे ६,५०० डॉलर. तुम्ही तेवढे भरले असते तर कंपनीनेही तेवढेच भरले असते. तुम्ही २,६०० भरता, म्हणून कंपनीही २,६०० वर थांबते. दरवर्षी ३,९०० डॉलर तुमच्या पगाराचा भाग असूनही तुम्ही उचलत नाही. तीन वर्षांचे झाले ११,७००. त्यावरची बाजाराची वाढ मी धरलेलीच नाही.

आता पॉलिसी. तीन वर्षांत २७,००० भरले, आज मोडली तर हातात ९,४००. मधले १७,६०० गेले. तुमच्या वयाच्या निरोगी, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाला ५ लाखांचा वीस वर्षांचा टर्म विमा महिना ४० डॉलरच्या आसपास मिळतो, तीन वर्षांचे दीडेक हजार. म्हणजे विम्याची रास्त किंमत वजा केली तरी १६,००० कमिशन आणि शुल्कात अडकले. कंपनीचा बुडालेला वाटा मिळवला तर २७,७००. तुम्ही ज्या पिस्तुलासाठी पत्र लिहिलंत, तशी सगळ्या सरंजामासह तीन आली असती.

ही पॉलिसी आपल्या लोकांना ओळखीतून, घरी चहा पिता पिता विकली जाते आणि वाक्यं ठरलेली असतात: बाजार पडला तरी शून्याखाली जात नाही, निवृत्तीत करमुक्त पैसे. शून्याचा अर्थ नीट समजून घ्या. बाजार पडला त्या वर्षी व्याज शून्य मिळतं, पण विम्याचा खर्च, प्रशासन शुल्क, हप्त्यावरचं शुल्क कापलं जातंच, त्यामुळे खातं घटतं. बाजार चढतो तेव्हा तुमच्यापुढे ९ टक्क्यांची भिंत आहे. एस अँड पी ५०० निर्देशांक २०२३ मध्ये सुमारे २४ टक्के आणि २०२४ मध्ये सुमारे २३ टक्के वाढला. दोन वर्षांत १०० चे १५३ झाले, तुमच्या मर्यादेत ११९, आणि शुल्क त्यातूनही जाणार. शिवाय निर्देशांकातल्या कंपन्यांचा लाभांश या हिशेबात येतच नाही. विम्याचा खर्च वयाबरोबर वाढतो, साठीनंतर झपाट्याने. करमुक्त पैसे म्हणजे पॉलिसीवर घेतलेलं कर्ज. कर्ज आणि त्यावरचं व्याज साचून पॉलिसी बंद पडली, तर भरलेल्या हप्त्यांपेक्षा जे जास्त उचललं असेल त्यावर त्या वर्षी कर लागतो, म्हातारपणी आणि एकरकमी. अशा पॉलिसीला निवृत्तीची सोय म्हणून विकणाऱ्याने तुमची ४०१(के) कपात कमी होते आहे हे पाहूनही गप्प बसावं, याचा मला राग येतो.

तरी उद्या सकाळी उठून पॉलिसी मोडू नका. क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा पगाराच्या पोर्टलवर जाऊन कपात ५ टक्के करा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही आणि पुढच्या एक-दोन पगारांत लागू होते. मग टर्म विम्याचा अर्ज करा. पत्नी घरी आहे, मुलगी सहा वर्षांची आहे, त्यामुळे ५ लाख कमी पडतात, १० लाख घ्या. वीस वर्षांसाठी महिना ६० डॉलरच्या आसपास पडेल. वैद्यकीय तपासणी होऊन नवी पॉलिसी लागू झाल्याचा कागद हातात येईपर्यंत जुनी चालू ठेवा. तपासणीत काही निघालं आणि टर्म नाकारला गेला, तर आययूएल हाच तुमचा विमा ठरतो आणि मग विम्याची रक्कम कमी करून हप्ता उतरवता येतो का, एवढाच प्रश्न उरतो.

दरम्यान विमा कंपनीकडून (एजंटकडून नव्हे, थेट कंपनीकडून, लेखी) तीन गोष्टी मागवा: चालू पॉलिसीचं आजचं इन-फोर्स इलस्ट्रेशन (पॉलिसी पुढे वर्षागणिक कशी चालेल याचा तक्ता), दर वर्षाचं सरेंडर शुल्काचं कोष्टक, आणि कराच्या दृष्टीने तुमची मूळ गुंतवणूक किती धरली आहे तो आकडा. इलस्ट्रेशनमध्ये साडेसहा टक्क्यांचा गुलाबी रकाना सोडून गॅरंटीड रकाना बघा. त्यात कोणत्या वयाला शिल्लक शून्य होते ते शोधा. सत्तरीच्या आत शून्य होत असेल, तर दर वर्षी ९,००० आणखी घालण्यात अर्थ नाही. आधीच इतके भरले म्हणून पुढे भरत राहायचं, हा हिशेब होत नाही. गेलेले १७,६०० दोन्ही वाटांनी गेलेलेच आहेत. पॉलिसी तोट्यात मोडली तर तो तोटा करात वजा मिळत नाही, हेही धरून चला.

हप्ता थांबला की वर्षाला ९,००० मोकळे होतात. ३,९०० कपातीत (कर वाचतो म्हणून हातातला पगार त्याहून कमीच घटेल), ७२० टर्म विम्यात, उरले साधारण ४,४००. तुमच्याकडे आज सव्वा महिन्याचा खर्चही नाही, आणि घर एका पगारावर चालतं. सरेंडरचे ९,४०० बँकेतल्या ७,००० मध्ये टाका आणि हे ४,४०० पण. वर्षाअखेर २०,८००, म्हणजे साडेतीन महिने. तिथवर पोहोचल्याशिवाय नेमबाजीवर वाढीव पैसा नाही.

आणि हे ४०१(के) चं कर्ज. व्याज स्वतःलाच देतो, हे ऐकायला छान वाटतं. नोकरी गेली आणि कर्ज फेडता आलं नाही, तर राहिलेलं कर्ज खात्यातून काढलेले पैसे धरलं जातं. त्या वर्षाच्या टॅक्स रिटर्नच्या (पुढच्या वर्षी येणाऱ्या) मुदतीपर्यंत तेवढी रक्कम दुसऱ्या निवृत्ती खात्यात भरली नाही, तर त्यावर आयकर आणि साडेएकोणसाठ वर्षांच्या आत आहात म्हणून १० टक्के दंड. आठ हजारांवर मिळून दोन हजारांच्या आसपास. पगार थांबलेला असतो त्याच काळात हे ओझं डोक्यावर येतं, आणि तुमच्याकडे तेव्हा बँकेत सात हजार असतात.

आता पिस्तूल. ते चांगलं असतं यात शंका नाही. पैसे कशाला जातात ते बघा. स्लाइड (वरचा सरकणारा भाग) आणि फ्रेम हाताने घासून बसवलेल्या, बॅरल प्रत्येक वेळी त्याच जागी लॉक होणारी, ट्रिगर दोन पौंडांच्या आसपास आणि रीसेट (पुढच्या गोळीसाठी ट्रिगर जितका सोडावा लागतो ते अंतर) अगदी आखूड, स्लाइडचं वजन आणि रिकॉइल स्प्रिंग तुमच्या गोळीला जुळवलेली. परिणाम असा, की डॉट उडतो आणि सरळ त्याच जागी परत येतो. अनुभवी नेमबाजाला हा फरक पहिल्याच मॅगझिनमध्ये जाणवतो.

अचूकतेसाठी मात्र ते घ्यायचं कारण नाही. या खेळात बहुतेक लक्ष्यं २५ यार्डांच्या आत असतात आणि ए झोन, म्हणजे लक्ष्यावरचा सर्वाधिक गुणांचा भाग, ६ इंच रुंद, ११ इंच उंच. तुमचं कारखान्यातलं पिस्तूल त्या अंतरावर तीन इंचांत गोळ्या टाकत असेल, तर दीड इंचांत टाकणाऱ्याने गुण वाढत नाहीत. मग वेळ. ३२ गोळ्यांची स्टेज (स्पर्धेची एक फेरी), सोळा लक्ष्यं, तुमचे समजा १४० गुण २२ सेकंदांत: हिट फॅक्टर, म्हणजे सेकंदामागे गुण, ६.४. नव्या पिस्तुलाने प्रत्येक स्प्लिटमध्ये (एकाच लक्ष्यावरच्या दोन गोळ्यांमधला वेळ) तीन शतांश सेकंद वाचला, तरी सोळा वेळा मिळून अर्धा सेकंद. हिट फॅक्टर ६.५. आता एक मिस: १० गुण दंड आणि हातचे ५ गेले, १२५ भागिले २२, म्हणजे ५.७. एका मिसने पिस्तुलाच्या सगळ्या कमाईच्या साडेचारपट बुडवलं. एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जाताना एक दशांश वाचवलात तर पंधरा ट्रॅन्झिशनमध्ये दीड सेकंद, आणि तो सराव रिकाम्या पिस्तुलाने, भिंतीपुढे, रोज पंधरा मिनिटांत होतो. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, चेंबर दोनदा तपासा.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारात घेतलेली दिसत नाही. फक्त सिंगल ॲक्शन असलेलं (ट्रिगर दाबण्याआधी हॅमर चढवलेला असावा लागतो असं) पिस्तूल, आणि २०११ तसंच असतं, कॅरी ऑप्टिक्समध्ये चालत नाही. तुम्हाला लिमिटेड ऑप्टिक्स या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये जावं लागेल, जिथे २०११ हेच नेहमीचं हत्यार आहे. जुनी मॅगझिन आणि होल्स्टर निरुपयोगी होतील. तुमच्या ८,२०० मध्ये विक्रीकर धरलेला नाही. टेक्सासमध्ये स्थानिक करासह तो सव्वाआठ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे आकडा ८,८०० च्या पुढे. त्यात सुटे भाग मिळवा: एक्स्ट्रॅक्टर, फायरिंग पिन, स्प्रिंगा. रिकॉइल स्प्रिंग तीन ते पाच हजार गोळ्यांनी बदलायची. रिलोड करताना जमिनीवर पडून पडून मॅगझिनचे ओठ फाकतात आणि गोळी नाक खाली करून अडकते, घट्ट बसवलेल्या पिस्तुलात तर लवकर. डॉटचे स्क्रू थ्रेडलॉकर आणि टॉर्क रेंचशिवाय बसवले तर मॅचच्या मधोमध झीरो (नेमाची जुळणी) हलतो. पिस्तूल दुरुस्तीला गेलं की आठवडेच्या आठवडे परत येत नाही, म्हणून गंभीरपणे खेळणारे तसंच दुसरं ठेवतात. खरा खर्च तिथे दुप्पट होतो.

गुंतवणूक हा शब्द सोडून द्या. पकड, ट्रिगरची लांबी, स्लाइडवरचे कट तुमच्या हाताला आणि आवडीला बनवलेले असतात, तेवढाच गिऱ्हाइकांचा घोळका लहान. उद्या अगदी घेतल्या किमतीला विकलं गेलं, तरी पाच वर्षांत त्याने काहीच कमावलेलं नसेल.

किंमत वाजवी आहे का, हे मी प्रति गोळी मोजतो. जो वर्षाला १५,००० झाडतो, त्याच्या चार वर्षांच्या ६०,००० गोळ्यांवर ६,८०० डॉलर म्हणजे गोळीमागे ११ सेंट. ९ मिमीची गोळी सुमारे २५ सेंटला पडते, त्यामुळे पिस्तूल तिच्या निम्म्याहून स्वस्त. तो मास्टर या वरच्या श्रेणीला पोहोचलेला असेल आणि पैसे रोख असतील, तर त्याने जरूर घ्यावं. तुमच्या वर्षाला ३,००० गोळ्या. चार वर्षांत १२,०००, गोळीमागे ५७ सेंट, म्हणजे दारूगोळ्याच्या दुपटीहून जास्त. हे प्रमाण उलटं आहे.

आपत्कालीन निधी साडेतीन महिन्यांवर आला की महिन्याला २५० नेमबाजीसाठी बाजूला काढा. पहिल्या वर्षीच्या ३,००० मधून दोन दिवसांचा चांगला प्रशिक्षण वर्ग (साधारण ५०० ते ७०० डॉलर) आणि ८,००० जादा गोळ्या येतात. ए क्लासला, म्हणजे ७५ टक्क्यांवर, पोहोचलात आणि तरी २०११ हवंसं वाटलं, तर कारखान्यात बनलेलं १,५०० ते २,५०० मध्ये मिळतं. तिथे अनुभव घ्या. त्यानंतर ट्रिगर आणि पकड नेमकी कशी हवी हे तुम्हीच गनस्मिथला सांगू शकाल. आज तुम्ही ते सांगू शकत नाही, आणि सगळे निर्णय त्याच्यावर सोडून ६,८०० द्याल.

आगाऊ ३,४०० अजून दिले नसतील तर गनस्मिथला आजच कळवा की यंदाची जागा दुसऱ्याला द्या. दिले असतील तर रांगेतली जागा एक-दोन वर्षं पुढे सरकवता येते का किंवा दुसऱ्या नेमबाजाच्या नावावर करता येते का, ते ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पण तो ईमेल लिहिण्याआधी पगाराच्या पोर्टलवर २ च्या जागी ५ करून या. दर पंधरवड्याच्या पगारामागे १५० डॉलर तिथे थांबलेले आहेत.