रीसेट दाबलं आणि नेट गेलं : जुन्या डीएसएल राउटरबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात फायबरबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली की अहो आमच्याकडे अजून तांब्याच्या तारेवरचंच नेट आहे, त्याबद्दल कोण सांगणार. बरोबर आहे तुमचं. म्हणून या वेळी सगळी जागा जुन्या डीएसएलला, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या नेटलाच दिली आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, संगमेश्वरजवळच्या गावात राहतो. लँडलाइनवर ब्रॉडबँड आहे, राउटर असेल आठ-नऊ वर्षांचा. नेट हळू चालत होतं म्हणून पुतण्याने फोनवर सांगितलं मागचं भोक टाचणीने दाब, मी दाबलं. तेव्हापासून नेट पूर्ण बंद. वायफायचं नावच बदललंय, जुना पासवर्ड घेत नाही. डीएसएलचा दिवा मात्र लागलेला असतो. मुलगी पुण्याला असते, रोज रात्री व्हिडिओ कॉल असायचा, तो बंद पडलाय. नवीन राउटर घ्यावा लागेल का?

उत्तर : सर, अजिबात नवीन घेऊ नका. तुम्ही पत्रात एक गोष्ट लिहिलीत ती सगळ्यात महत्त्वाची, डीएसएलचा दिवा स्थिर लागलेला असतो. याचा अर्थ एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंतची तार नीट आहे आणि राउटरही जिवंत आहे. तो दिवा नुसता लुकलुकत राहिला असता तर लाइनचा प्रॉब्लेम असता. तुमचं फक्त एवढंच झालंय की आत भरलेली सगळी माहिती पुसली गेली आणि राउटर दुकानातून आणला तसा कोरा झाला. ती माहिती परत भरायची, बस.

आधी कागद-पेन घ्या आणि तीन गोष्टी जमवा. एक, राउटर उलटा करून खालचं स्टिकर बघा, त्यावर पत्ता असतो (बहुतेक वेळा १९२.१६८.१.१) आणि लॉगिनचं नाव-पासवर्ड, बहुतेक जुन्या डब्यांत दोन्हीकडे अ‍ॅडमिनच. दोन, कनेक्शन घेतलं तेव्हा मिळालेला कागद, ज्यावर ब्रॉडबँडचा युजरनेम आणि पासवर्ड असतो. हा पासवर्ड वायफायचा नाही आणि बिल भरायच्या वेबसाइटचाही नाही, हा तिसराच असतो, इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. कागद सापडला नाही तर कस्टमर केअरला फोन करून पासवर्ड रीसेट करून मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तीन, व्हीपीआय आणि व्हीसीआय नावाचे दोन आकडे. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडला साधारणपणे ० आणि ३५ असतात, दुसरी कंपनी असेल तर त्यांनाच विचारा, अंदाजाने टाकू नका. हे दोन आकडे म्हणजे तारेच्या आतल्या रस्त्याचा नंबर समजा. चुकीचा टाकला तरी डीएसएलचा दिवा मस्त लागलेलाच राहतो आणि नेट मात्र येत नाही, आणि माणूस दिवसभर बाकीचं सगळं तपासत बसतो.

आता लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर लॅन केबलने राउटरला जोडा, हे काम वायफायवरून करू नका, मध्येच कनेक्शन तुटतं. ब्राउझरमध्ये वर पत्त्याच्या जागी तो आकड्यांचा पत्ता टाका (इंग्रजी आकड्यांत), लॉगिन करा. क्विक सेटअप किंवा वॅन (म्हणजे बाहेरून येणारं नेट) सेटिंग असं काहीतरी दिसेल. तिथे व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५, कनेक्शनचा प्रकार पीपीपीओई (यात राउटर स्वतःच युजरनेम-पासवर्ड देऊन लॉगिन करतो), एन्कॅप्सुलेशन एलएलसी, मग युजरनेम-पासवर्ड. लहान-मोठी अक्षरं कागदावर आहेत तशीच टाका आणि युजरनेममध्ये अ‍ॅट द रेटच्या पुढचा भाग असेल तर तोही पूर्ण टाका. कनेक्शन ऑलवेज ऑन ठेवा, नॅट (एकाच कनेक्शनवर घरातले सगळे मोबाइल-कॉम्प्युटर चालवायची सोय) चालू ठेवा, सेव्ह करा आणि राउटर एकदा बंद-चालू करा. दोन-तीन मिनिटं थांबा. मग स्टेटस पानावर वॅनच्या रांगेत खरा आयपी पत्ता दिसला की झालं काम. सगळी शून्यं दिसली तर युजरनेम-पासवर्ड नाहीतर ते दोन आकडे चुकलेत.

काही जुन्या राउटरमध्ये ब्रिज मोड आधीपासून निवडलेला असतो. त्यात राउटर स्वतः लॉगिन करत नाही, कॉम्प्युटरवरून दर वेळी डायल करावं लागतं आणि मोबाइलला नेट मिळत नाही. तुम्हाला ते नकोय, पीपीपीओईच ठेवा.

आणि सर, नेट आलं म्हणून लगेच उठू नका, अजून दहा मिनिटं बसा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. हे मी दर वेळी सांगतो कारण २०१७ च्या जुलैमध्ये आपल्या देशात हजारो ब्रॉडबँड मोडेम एका व्हायरसने बंद पाडले होते, आणि ते सापडले ते डिफॉल्ट पासवर्ड तसाच ठेवला होता म्हणून. घरोघरी नेट बंद, नुसता एक शब्द बदलला नव्हता एवढ्यासाठी. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायची सोय) चालू असेल तर बंद करा. वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडा. डब्ल्यूईपी दिसलं तर त्याला हात लावू नका, ते काही मिनिटांत फोडता येतं. एईएसऐवजी टीकेआयपी निवडलं तर ३०० एमबीपीएसचा राउटरसुद्धा ५४ वर येऊन बसतो. शेवटी मेंटेनन्समध्ये बॅकअप असं बटण असतं, त्याने सगळ्या सेटिंगची फाइल कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा, म्हणजे पुन्हा कोणी टाचणी लावली तरी दोन मिनिटांत सगळं परत येईल. आणि स्पीड कमी झाला तर आधी नुसता पॉवर बंद-चालू करून बघा, भोक शेवटी.

प्रश्न : आमच्याकडे लँडलाइनची रिंग वाजली की नेट जातं. पाऊस सुरू झाला की दिवसातून वीस वेळा जातं. तक्रार केली की माणूस येतो, मोडेम खराब आहे सांगून जातो. दोन मोडेम बदलले, फरक शून्य. (एक ताई, देवरुख)

उत्तर : ताई, तुमचे पैसे फुकट गेले याचं फार वाईट वाटलं, कारण तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मोडेमचा दोष दिसतच नाही.

डीएसएल कसं चालतं ते थोडक्यात सांगतो म्हणजे लक्षात येईल. एकाच तारेच्या जोडीवरून दोन गोष्टी जातात, आवाज खालच्या फ्रिक्वेन्सीवर, ४ किलोहर्ट्झच्या आत, आणि नेट त्याच्या वर, एडीएसएल२ प्लसमध्ये २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. दोघांना वेगळं ठेवायचं काम स्प्लिटरचं, ती छोटी पांढरी डबी, तीन भोकांची : लाइन, फोन, मोडेम. रिंग वाजते तेव्हा तारेत बराच जास्त व्होल्टेज येतो, आणि एखादा फोन स्प्लिटरच्या आधीच पॅरलल काढलेला असेल तर तो धक्का थेट नेटला बसतो. तुमच्याकडे माजघरात किंवा वरच्या मजल्यावर दुसरा फोन आहे का बघा. असेल तर लाइन घरात जिथे शिरते तिथेच पहिल्यांदा स्प्लिटर बसवा आणि सगळे फोन त्याच्या फोनच्या भोकातून काढा, नाहीतर प्रत्येक फोनला वेगळा फिल्टर लावा. स्प्लिटर जुना असेल तर आधी तोच बदला, मोडेमच्या मानाने अगदी स्वस्त मिळतो.

पावसाचं कारण बहुतेक जोड. खांबावरून घरात येणारी तार कुठेतरी नुसती पिळून टेप मारलेली असते, त्यात पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं. रोझेट (भिंतीवरची टेलिफोनच्या जोडाची डबी) उघडून बघा, कोकणात त्यात मुंग्या आणि हिरवट गंज हमखास सापडतो. मग एक सोपी परीक्षा करा. फोन उचला, एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि शांतपणे ऐका. खरखर ऐकू आली तर लाइन खराब आहे. तक्रार करताना नेटची नाही, फोनमध्ये खरखर आहे अशी करा, कारण मग ते मोडेमवर ढकलता येत नाही, तार तपासावीच लागते.

अजून पक्का पुरावा हवा असेल तर राउटरच्या स्टेटस पानावर डीएसएलचे दोन आकडे मिळतील. एसएनआर मार्जिन म्हणजे लाइनवरच्या गोंगाटापुढे सिग्नलला किती वाव उरला, ते ६ डेसिबलच्या खाली गेलं की लाइन सारखी तुटते, १० च्या वर असेल तर निवांत. अ‍ॅटेन्युएशन म्हणजे तारेत सिग्नल किती विरला, ढोबळमानाने किलोमीटरला १४ डेसिबल धरा, ५० च्या वर गेलं की फार अपेक्षा नको. हे आकडे उन्हात एकदा आणि पावसात एकदा लिहून ठेवा आणि येणाऱ्या माणसासमोर ठेवा, वाद होत नाही. एक्स्चेंज लांब असेल तर मॉड्युलेशन ऑटोवरून जी डॉट डीएमटी (डीएसएलची जुनी, हळू पद्धत) करून बघा, वेग थोडा कमी होतो पण लाइन टिकते.

आणि मे-जूनमध्ये गडगडायला लागलं की पॉवरचा प्लग तर काढाच पण टेलिफोनची तारही मोडेममधून काढा. बरेच मोडेम विजेच्या बोर्डातून नाही तर त्या तारेतून जळतात, आणि सगळेजण फक्त स्विच बंद करून निर्धास्त बसतात.

प्रश्न : गुगल उघडतं, बँकेची साइट अर्धवट येऊन अडकते. कशामुळे? (सांगली)

उत्तर : राउटरमधला एमटीयू बघा, म्हणजे माहितीचं एक पाकीट जास्तीत जास्त किती मोठं असावं तो आकडा. साधं पाकीट १५०० बाइटचं असतं, पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःला घेतं, म्हणून राउटरमध्ये १४९२ पाहिजे. तिथे १५०० असेल तर मोठी पाकिटं वाटेत अडकू शकतात. १४९२ ने जमलं नाही तर १४०० टाकून बघा. त्याआधी कॉम्प्युटरची तारीख मात्र बघून घ्या, जुन्या मशीनची आतली बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि सुरक्षित साइट उघडत नाहीत.

प्रश्न : आम्ही आता फायबर घेतलं. जुना डीएसएल वायफाय राउटर चांगला चालू आहे, टाकून द्यायचं जिवावर येतं. मागच्या खोल्यांत रेंज येत नाही, तिथे लावता येईल का? (फोंडा, गोवा)

उत्तर : नक्की येईल, आणि टाकू नका हे मनापासून सांगतो. त्याचं डीएसएलचं भोक आता बिनकामाचं पण वायफाय आणि लॅन शाबूत आहे.

क्रम महत्त्वाचा. आधी जुना राउटर फायबरच्या डब्याला न जोडता कॉम्प्युटरला जोडा आणि वायफायचं नाव-पासवर्ड ठेवा, नवीन डब्याचेच दिलेत तर मोबाइल या खोलीतून त्या खोलीत जाताना वेगळं काही निवडावं लागत नाही. चॅनेल मात्र वेगळं ठेवा, एकाला १ तर दुसऱ्याला ६ किंवा ११. मग त्याचा लॅन पत्ता बदला, कारण दोन्ही डबे १९२.१६८.१.१ असतील तर भांडण होतं. नवा डबा १९२.१६८.१.१ असेल तर जुन्याला १९२.१६८.१.२५० द्या. नव्याचे पहिले तीन आकडे वेगळे असतील तर तेच तीन घ्यायचे. नवा डबा मोबाइलना वाटतो त्या पत्त्यांच्या यादीत हा २५० येत नाही ना तेवढं बघा. नव्या पत्त्यावर परत लॉगिन करा आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद करा. घरात पत्ते वाटणारा एकच पाहिजे, दोघांनी वाटले की कधी नेट चालतं कधी नाही आणि कारण सापडत नाही.

मग फायबरच्या डब्याच्या लॅन भोकातून केबल काढून जुन्याच्या लॅन भोकात घाला. केबल १०० मीटरपर्यंत चालते, कॅट५ई पुरेशी आहे. या जुन्या राउटरचे पोर्ट बहुतेक १०० एमबीपीएसचे आणि वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं, त्यामुळे फायबरचा पूर्ण वेग मागच्या खोलीत दिसणार नाही, पण व्हिडिओ कॉल आणि मुलांचा अभ्यास आरामात होईल. त्या २५० च्या पत्त्याची चिठ्ठी राउटरच्या खालीच चिकटवून ठेवा, वर्षभराने सेटिंग बदलायची वेळ आली की तोच आकडा आठवत नाही.