‘थारोळे’ म्हणजे नेमके काय?

‘रक्ताच्या थारोळ्यात’ हा शब्दप्रयोग बातम्यांमध्ये नेहमी वाचायला मिळतो, पण एरवी हा शब्द कुठेच का भेटत नाही आणि त्याचा अर्थ डबके असा घ्यावा का, असा प्रश्न आपण विचारला आहे. डबके हा अर्थ जवळचा असला तरी पुरेसा नाही. थारोळे हा मोटेच्या विहिरीवरचा शब्द आहे. मोट म्हणजे बैलांच्या मदतीने विहिरीतले पाणी वर ओढायची मोठी, बहुधा चामड्याची पिशवी. विहिरीच्या काठावर ज्या लहानशा बांधीव कुंडीत मोट रिकामी होते, ती कुंडी म्हणजे थारोळे.

मला हा अर्थ कोशात मिळाला होता; पण तो उमगला साताऱ्याजवळच्या लिंब गावातील बारामोटेची विहीर पाहायला मामांबरोबर पायी गेलो तेव्हा. शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसले यांनी शके 1641 ते 1646, म्हणजे इ. स. 1719 ते 1724 या काळात बांधवलेली ही विहीर सुमारे 110 फूट खोल असून तिच्या पोटात चक्क एक छोटा महाल आहे. महाल पाहून सगळेच थक्क होतात, पण लहानपणी स्वतः मोट हाकलेले मामा मात्र काठावरच्या मोटांच्या जागांपाशी रेंगाळले आणि तिथेच त्यांनी मला सगळी रचना समजावून सांगितली. मोटेच्या तोंडाला नाडा म्हणजे जाड दोर आणि खालच्या नळीसारख्या सोंडेला सोंदूर म्हणजे बारीक दोर बांधलेला असतो. बैल धावेच्या, म्हणजे त्यांच्या ये-जा करण्याच्या वाटेच्या, उतारावरून खाली जाऊ लागले की भरलेली मोट वर येते, सोंड थारोळ्यावर पसरते आणि सगळे पाणी एकदम त्यात कोसळून तिथून पाटाने शेताकडे निघते. ‘रक्ताचे थारोळे’ म्हणताना जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर हे भडभडून ओतले जाणारे आणि क्षणभर साचणारे पाणी असणार, असे मला वाटते. म्हणूनच चार थेंबांसाठी हा शब्द वापरू नये.

याच ओघात एक खुलासा करतो. ‘विरोधकांची मोट बांधणे’ यातली मोट पाण्याची नव्हे, तिथे मोट म्हणजे गाठोडे. मोटळे आणि मोटकुळी हे शब्द त्याच अर्थाचे आहेत. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ या म्हणीतला पोहराही वेगळा, कारण तो हाताने शेंदायचा असतो.

डिझेलचे आणि विजेचे पंप आल्यावर मोट थांबली, आणि नाडा, सोंदूर, धाव या शब्दांबरोबर थारोळेही बोलण्यातून गेले. ते उरले एवढ्या एका वाक्प्रचारापुरते. शब्द अपरिचित झाल्यामुळेच ‘थारोळात’ असे चुकीचे रूप छापलेले दिसते. ‘तळे’चे ‘तळ्यात’ होते, तसेच ‘थारोळे’चे ‘थारोळ्यात’ होते.