गुन्हेगारी खरोखर वाढली आहे, की तसे केवळ वाटते?

"मोबाइल उघडला की खून आणि मुले पळवल्याच्याच बातम्या दिसतात, पूर्वी असे नव्हते, मग गुन्हेगारी खरोखर वाढली आहे का?" असे आपण विचारले आहे. मी सोलापूरचा असून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही हा विषय वरचेवर निघतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझ्या मते दीर्घकालीन कल पाहण्यासाठी खुनांचा आकडा सर्वांत भरवशाचा आहे. चोरीची फिर्याद द्यायची की नाही हे माणूस स्वतः ठरवतो आणि चोरलेल्या मोबाइलची नोंद पुष्कळदा नुसती 'गहाळ' अशी होते. खून मात्र इतक्या सहजासहजी कागदावरून सुटत नाही. एनसीआरबीच्या (देशभरातील गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाच्या) अहवालांनुसार १९९२ साली देशात ४०,१०५ खून झाले, म्हणजे लाख लोकसंख्येमागे ४.६, २०२२ साली ते २८,५२२, म्हणजे लाखामागे २.१ इतके होते. दर निम्म्याहूनही खाली आला, पण ही बातमी आपल्याला कोणी फॉरवर्ड केली नसेल.

अपहरणाचा आकडा याच्या अगदी उलट दिसतो. २०१२ मध्ये सुमारे ४७ हजार असलेली प्रकरणे २०२२ मध्ये १ लाख ७ हजारांच्या पुढे गेली. परंतु मूल बेपत्ता झाल्याची तक्रार येताच अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये दिला होता, हे ध्यानात घेतल्याशिवाय ही वाढ वाचता येत नाही. रागाने घर सोडलेला मुलगा असो किंवा प्रियकराबरोबर निघून गेलेली सतरा वर्षांची मुलगी, दोघांचीही नोंद त्याच रकान्यात पडते. नोंदणी वाढली हे चांगलेच झाले, पण त्यावरून मुले पळवणाऱ्या टोळ्या गावोगाव फिरत आहेत असा अर्थ काढता येणार नाही.

तसा अर्थ काढल्याची किंमत आमच्या जिल्ह्याने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते आणि त्यांतले बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातील होते. एवढे होऊनही आमच्या ग्रुपवर नंतर 'जुळे सोलापुरात टोळी आली' अशी चित्रफीत फिरलीच. तिच्यातल्या दुकानाची पाटी बंगालीत होती. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा पाट्या पाहायला मिळतात, बंगाली काही कोठे दिसत नाही. पण पाटी वाचण्याआधीच ती क्लिप पुढे गेलेली असते.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या आरंभापासून हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले, तरी गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहण्यांत बहुतेक वर्षी बहुसंख्य लोक देशात गुन्हे वाढल्याचेच सांगतात. स्वतःच्या परिसराविषयी विचारले की तसे म्हणणारे कमी भरतात.

अर्थात सगळीच भीती खोटी आहे असे नाही. सायबर गुन्ह्यांची नोंद २०१८ मधील २७,२४८ वरून २०२२ मध्ये ६५,८९३ वर गेली, आणि ही वाढ नुसत्या नोंदणीमुळे दिसत असावी असे मला वाटत नाही. गंमत अशी की अनोळखी भिक्षेकऱ्याला पाहून दार लावून घेणारी मंडळी 'वीज तोडू' अशी धमकी देणाऱ्या फोनवर मात्र निमूटपणे ओटीपी सांगून बसतात. तसे झालेच, तर ग्रुपवर लिहीत बसण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. तक्रार जितकी लवकर जाईल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता अधिक असते.