गॉथिक, म्हणजे जुन्या वाड्यांतल्या गूढ-भयाच्या कथांसाठी शाईने काळी-पांढरी चित्रं काढतो, पण ती भयाण न वाटता नुसती करडी दिसतात. काय चुकतंय?

बहुतेक तुम्ही सगळीकडे सारख्याच रेघा मारताय. आधी काळं कुठे बसवायचं ते ठरवा, रेघांचं नंतर बघू. काडेपेटीएवढं कच्चं चित्र काढा, त्यात फक्त काळं आणि पांढरं, मधलं काही नाही.

समजा, जिन्यावर मेणबत्ती घेतलेली बाई आहे. ज्योत म्हणजे कोरा कागद, तिथे शाई लावायचीच नाही. तिच्यापासून लांब जाताना रेघा दाट होत जातील आणि कोपऱ्यात सपाट काळं. पायऱ्या सगळ्या काढू नका, दोन कडा पुरतात.

आयरिश चित्रकार हॅरी क्लार्कने १९१९ साली अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यांच्या गूढ-भयकथांसाठी केलेली चित्रं बघा. काळ्यातून उमटणारी ती बारीक नक्षी तासन्‌तास बघत बसावी अशी!

पांढऱ्या जेल पेनने दुरुस्ती करता येते, पण शाई पूर्ण वाळल्यावरच. नाहीतर चिखल होतो (माझे दोन कागद असेच गेले).