पराभव कोणाच्या नावे मांडायचा

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा कच्चा मसुदा दोन्ही वाचले. विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाकडे व्हिडिओ आणि आकडेवारीचे काम मिळून तुला अजून दोन महिनेही झाले नाहीत, आणि घरच्या मैदानावरचा सामना ३१–३४ असा हातचा गेल्यावर प्रशिक्षकांनी तुझ्याकडे एका पानात उत्तर मागितले आहे, की सामना आक्रमणाने घालवला की बचावाने. तुझ्या मसुद्याचे पहिलेच वाक्य असे आहे की चौतीस गुण दिल्यावर सामना जिंकता येत नाही, त्यामुळे जबाबदारी बचावफळीची. ते वाक्य खोडून टाक. ते चूकच आहे असे मी म्हणत नाही, कारण तुमचा सामना मी पाहिलेला नाही. पण फलक वाचून काढलेला निष्कर्ष असल्यामुळे तो बरोबर ठरला तरी योगायोगानेच ठरेल.

चौतीस हा आकडा वाचून मला ह्यूस्टनचा सामना आठवला. ५ फेब्रुवारी २०१७ रोजी तिथे झालेल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, अटलांटा फाल्कन्स तिसऱ्या क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चार भागांपैकी तिसऱ्यात) २८–३ असे पुढे होते आणि जादा वेळेत न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून २८–३४ असे हरले. सलग एकतीस गुण खाणारा बचाव, शिवाय त्या हंगामात प्रतिस्पर्ध्यांना ४०६ गुण देऊन लीगमध्ये तळाच्या बाजूला राहिलेला. आणि दुसऱ्या बाजूला हंगामात ५४० गुण करून सगळ्यांच्या पुढे राहिलेले आक्रमण. तुझ्या मसुद्याच्या पद्धतीने पाहिले तर खटला उभा राहण्याआधीच निकाल लागतो. माझे मत मात्र उलट आहे, आणि ते का हे जरा सविस्तर सांगतो, कारण तुझ्या अहवालाला लागणारी जवळजवळ सगळी हत्यारे त्या एका सामन्यात सापडतात.

सुरुवात त्या अठ्ठावीस गुणांपासून कर. त्यातले सात गुण आक्रमणाचे नव्हतेच. दुसऱ्या क्वार्टरच्या उत्तरार्धात अटलांटाच्या रॉबर्ट अल्फर्डने पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, टॉम ब्रेडी याचा पास मध्येच पकडला आणि ८२ यार्ड धावत जाऊन टचडाउन केले, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपार नेला. म्हणजे बचावाने स्वतः सात गुण करून दिले. त्याआधी पेट्रियट्सचा फंबल झाला, म्हणजे त्यांच्या हातून चेंडू सुटला, तोही बचावानेच मिळवला आणि त्याच चेंडूवर अटलांटाचे पहिले टचडाउन झाले. आता या उपकाराची दुसरी बाजू पाहा. बचावाने टचडाउन केले की त्यानंतरची किक पुन्हा प्रतिस्पर्ध्याकडेच जाते, त्यामुळे ज्या अकरा जणांनी नुकताच प्रतिस्पर्ध्याचा एक लांबलचक ड्राइव्ह, म्हणजे चेंडू ताब्यात असतानाची सलग चढाई, अंगावर घेतला त्यांनाच पाण्याचे दोन घोट घेऊन परत मैदानात उतरावे लागते, आणि आक्रमण बाकावर बसून टाळ्या वाजवते. फलकावर सातचा आकडा चढतो. धापा टाकणारे अकरा जण फलकावर दिसत नाहीत.

सामना संपला तेव्हा पेट्रियट्सच्या ९३ खेळी झाल्या होत्या आणि अटलांटाच्या ४६. चेंडू पेट्रियट्सकडे ४० मिनिटे ३१ सेकंद होता. बचावाला तिसऱ्या डाउनवर (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार संधींपैकी तिसरीवर) प्रतिस्पर्ध्याला रोखता आले नाही म्हणून ९३ खेळी झाल्या, असे कोणी म्हटले तर ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायचे तर २८–३ नंतर अटलांटाच्या आक्रमणाला चेंडू कुठे मिळाला आणि त्याचे काय झाले ते पाहावे लागते.

तो त्यांना चार वेळा मिळाला, आणि चारही वेळा मिळून एकही गुण झाला नाही. पहिल्यांदा पेट्रियट्सची ऑनसाइड किक, म्हणजे चेंडू स्वतःच परत मिळवण्यासाठी मारलेली आखूड किक, फसल्यामुळे त्यांना पेट्रियट्सच्या ४१ यार्ड रेषेवर, म्हणजे अर्धे काम आयते झालेले असताना चेंडू मिळाला. होल्डिंगचा (प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्याचा) दंड आणि सॅक (क्वार्टरबॅकला पास फेकण्याआधीच पाडणे) यांनी तो मागे गेला आणि पंट करावा, म्हणजे चेंडू लांब मारून प्रतिस्पर्ध्याला द्यावा लागला. दुसऱ्यांदा, २८–१२ असताना आणि आठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ उरलेला असताना, तिसऱ्या डाउनवर एकच यार्ड हवे होते. तिथे धावण्याऐवजी पास ठरला, पेट्रियट्सच्या डॉन्टा हायटॉवरने अटलांटाचा क्वार्टरबॅक मॅट रायन याच्या हातातून चेंडू उडवला, आणि पेट्रियट्सना टचडाउनसाठी फक्त २५ यार्ड उरले. बचावफळी बाकावर नीट टेकलीही नसेल. तिसऱ्यांदा तर गोष्ट हातातोंडाशी आली होती: अटलांटाच्या हुलिओ जोन्सने बाजूच्या रेषेवर पाय आत ठेवून एक अशक्य वाटणारा झेल घेतला आणि चेंडू पेट्रियट्सच्या २२ यार्ड रेषेवर गेला. आघाडी २८–२०. तिथून तीनदा नुसते पुढे धावून तीन गुणांचा फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक) घेतला असता तर आघाडी अकराची झाली असती, आणि पेट्रियट्सना एका ड्राइव्हमध्ये बरोबरी साधता आलीच नसती. धाव एक यार्ड मागे गेली, पुढच्या पासवर पेट्रियट्सच्या ट्रे फ्लॉवर्सने रायनला बारा यार्ड मागे आडवे केले, त्यावर होल्डिंगचा दंड बसला, आणि अखेर पंट. चौथ्यांदा मिनिटभरही उरले नव्हते, ती खेळी मी हिशेबात धरत नाही.

त्या तिसऱ्या ड्राइव्हनंतर पेट्रियट्स स्वतःच्या ९ यार्ड रेषेपासून ९१ यार्ड आले, आणि हे बचावाच्या खात्यावर मांडायला मी कचरणार नाही. टचडाउननंतर दोन जादा गुण घेण्याचे पेट्रियट्सचे दोन्ही प्रयत्न बचावाने यशस्वी होऊ दिले, हेही त्याचेच. पण त्याच ड्राइव्हमध्ये पेट्रियट्सच्या ज्युलियन एडलमनने तिघांच्या गराड्यात गवतापासून काही इंचांवर घेतलेला झेल आठव. तो पास हाताने उडवणारा अल्फर्डच होता, ८२ यार्ड धावलेला. त्याने आपले काम केले होते. चेंडू खाली पडायला हवा होता, पडला नाही. अशा खेळीपुढे अहवालात दोषाचा रकाना कोरा ठेवायचीही हिंमत लागते.

तर माझा निवाडा असा, की तो सामना बचावाने सोडला हे खरे, पण सोडण्याच्या स्थितीत त्याला आक्रमणाने नेऊन ठेवले. पुढे अटलांटाने त्याच आठवड्यात बचावाचे समन्वयक रिचर्ड स्मिथ यांना त्या पदावरून दूर केले, आणि आक्रमणाचे समन्वयक काइल शॅनहन सॅन फ्रान्सिस्कोचे मुख्य प्रशिक्षक झाले. ती नेमणूक सामन्याआधीच ठरल्यात जमा होती, त्यामुळे तिला बक्षीस म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही दोन खुर्च्यांचे दोन वेगळे नशीब तू लक्षात ठेवावेस, कारण तुझ्या एका पानाच्या दुसऱ्या टोकालाही कोणाची तरी खुर्ची आहे.

प्रत्येक पराभव इतका गुंतागुंतीचा असतो असे नाही. पुढच्याच वर्षी पेट्रियट्स फिलाडेल्फियाकडून ३३–४१ असे हरले. ब्रेडीने ५०५ यार्ड पास केले आणि पेट्रियट्सना एकदाही पंट करावा लागला नाही. शेवटी ब्रेडीच्या हातून एक फंबल झाला, तरी तिथे बचावाचे नाव लिहायला फार विचार करावा लागत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी लॉस एंजेलिस रॅम्सनी तेरा गुण दिले आणि तीन केले. हंगामात ५२७ गुण करणाऱ्या त्या संघाने त्या दिवशी नऊ वेळा पंट केला. अशा वेळी पान भरवायच्या नादात उगाच समतोल साधत बसू नकोस.

आता तुझ्या पद्धतीबद्दल. तू क्रिकेट पाहत वाढलास, म्हणून ‘बॅटिंगने घालवली की बोलिंगने’ हा आपल्या घरांतला जुना वाद तुझ्या कानात आहे. पण तिथे फलंदाजी संपते आणि मग गोलंदाजी सुरू होते. आणि कबड्डीत चढाई करून आलेला गडी परत येऊन पकडीच्या साखळीत उभा राहतो. या खेळात आक्रमणाचे अकरा निराळे, बचावाचे अकरा निराळे, आणि तेही एकमेकांना दर पाच-सात मिनिटांनी काहीतरी हातात देत असतात: चेंडूची जागा, उरलेला वेळ, दमलेले किंवा ताजे पाय. म्हणून सामना गुणांनी नव्हे, ड्राइव्हच्या क्रमाने मांड. एका ओळीत एक ड्राइव्ह: कुठून सुरू झाला, किती खेळी, किती वेळ, शेवट कशाने, आणि त्याआधी बचावाला किती विश्रांती मिळाली. हा शेवटचा रकाना कोणी मागत नाही. मी तुला तो सोडू नकोस असे सांगतो.

मला तो कसा सुचला ते सांगतो. इथल्या एका हायस्कूलच्या सामन्यांना मी बरीच वर्षे बाजूच्या रेषेवर दहा यार्ड मोजायची साखळी धरत असे. त्या कामाला पैसे नाहीत, पण जागा अशी मिळते की तिकीट काढूनही मिळणार नाही. फावल्या वेळात संघासाठी आकडेही लिहीत असे. एका शुक्रवारी संघ अडतीस गुण देऊन हरला आणि मी घरी येऊन बचावाविरुद्ध कडक पान लिहिले. दुसऱ्या दिवशी माझीच कच्ची वही पाहताना दिसले, की अडतीसपैकी चौदा गुण आमच्या क्वार्टरबॅकच्या दोन इंटरसेप्शनवर (प्रतिस्पर्ध्याने मध्येच पकडलेल्या पासवर) थेट झाले होते, म्हणजे त्या दोन्ही वेळा बचावफळी मैदानावरच नव्हती. शिवाय तिसऱ्या क्वार्टरमध्ये माझ्यासमोर साखळीपाशी उभ्या असलेल्या बचावफळीतल्या एका लाइनबॅकर पोराने गुडघ्यांवर हात टेकून मला विचारले होते, ‘अंकल, आमचे लोक एवढ्यात परत आले?’ मी ते ऐकले होते, आणि तरी पानात लिहिले नव्हते. तोपर्यंत पान प्रशिक्षकांच्या हाती गेले होते. सोमवारी जाऊन चूक सांगितली, पण बैठक झालेली होती.

तेव्हा मसुदा पुन्हा लिहिण्याआधी चौतीसमधले किती गुण बचाव मैदानावर असताना झाले ते वेगळे काढ, आणि प्रतिस्पर्ध्याचे किती ड्राइव्ह तुमच्याच अर्ध्या मैदानात सुरू झाले ते मोज. तुमचा किकर चुकला असेल तर त्याची ओळ किक मारणाऱ्या तिसऱ्या तुकडीच्या नावे वेगळी लिही, कारण लोक तिला एरवी विसरतात आणि हरल्यावर सगळे ओझे तिच्यावरच टाकतात. नावे सगळ्यात शेवटी घाल. आक्रमणाचे प्रशिक्षक तुझ्यावर रागावले तर तक्ता त्यांच्यापुढे ठेव आणि कोणती ओळ चुकली ते विचार. एखादी चुकली असेल तर त्यांच्यासमोरच दुरुस्त कर.

मी ह्यूस्टनच्या सामन्याचा तक्ता याच पद्धतीने माझ्या वहीत मांडला आहे. तूही तो चित्रफीत पाहून स्वतंत्रपणे मांड आणि मला पाठव. विश्रांतीच्या रकान्यात आपले दोघांचे आकडे जुळतात का, ते मला पाहायचे आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
काका