चोक बंद केला की आयडलिंगला गाडी बंद पडते: जुन्या कार्बोरेटरच्या मोटारसायकलमधील दोष कसा शोधावा?

आपली दोन सिलिंडरची, दोन कार्बोरेटरची जुनी मोटारसायकल चोक (मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणारा खटका) ओढला असताना व्यवस्थित चालते, इंजिन तापल्यावरही चोक बंद करताच आयडलिंगला, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन मंद चालत असताना, बंद पडते, कधी थ्रॉटल सोडूनही रेस लगेच खाली येत नाही आणि दोन्ही कार्बोरेटर दोनदा साफ करूनही फरक पडलेला नाही, असे आपण लिहिले आहे. ही लक्षणे एकत्र पाहता आयडलिंगला इंजिनाला पेट्रोल कमी पडत आहे किंवा कोठून तरी जास्तीची हवा आत शिरत आहे, असे मला वाटते. आयडलिंगचा स्क्रू पिळून रेस वाढवण्याचा मोह कृपया टाळावा, कारण त्याने मूळ दोष फक्त झाकला जातो.

प्रथम थ्रॉटलच्या केबलला थोडी ढील आहे ना आणि हँडल पूर्ण वळवले तरी ती ताणली जात नाही ना, हे पाहावे. त्यानंतर थंड इंजिन सुरू करून अर्ध्या मिनिटात दोन्ही सायलेन्सर पाइपांवर, इंजिनाजवळ, पाण्याचे दोन-दोन थेंब टाकावेत. ज्या पाइपावरचे पाणी चटकन उडून जात नाही, तो सिलिंडर नीट काम करत नाही. त्याचा प्लग आणि स्पार्क तपासावा, म्हणजे इग्निशनचा दोष कार्बोरेटरच्या माथी मारला जाणार नाही.

आता हवेची गळती. कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारे रबरी मॅनिफोल्ड वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होऊन तडकते. माझ्या गाडीच्या बाबतीत मी तीन दिवस जेटच (कार्बोरेटरमधील पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्राचे भाग) काढत-बसवत राहिलो होतो. अखेर मॅनिफोल्ड सोडवून हातात वाकवले, तेव्हा क्लॅम्पखाली लपलेली नखाएवढी भेग उघडली. जागेवर असताना ती अजिबात दिसत नव्हती. इंजिन आयडलिंगला चालू ठेवून त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज क्षणभर बदलला, तर गळती तेथेच आहे. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रे मारू नये.

गळती नसेल, तर पायलट जेटकडे, म्हणजे आयडलिंगचे पेट्रोल पुरवणाऱ्या जेटकडे, वळावे. कार्बोरेटर साफ केला असे म्हणताना पुष्कळदा फ्लोट बाऊल (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) आणि मेन जेट (जास्त थ्रॉटलला पेट्रोल देणारा) साफ झालेले असतात, पण आयडलिंगचे पेट्रोल ज्या वाटेने जाते ती तशीच तुंबलेली राहते. पायलट जेटचे छिद्र अनेक गाड्यांमध्ये साधारण 0.4 मिलिमीटरचे असते आणि उभ्या राहिलेल्या गाडीतील पेट्रोल उडून गेल्यावर मागे उरणारा चिकट थर तेवढे छिद्र सहज बुजवतो. जेट काढून उजेडासमोर धरावा. छिद्र स्वच्छ, गोल दिसले पाहिजे. त्यात पोलादी तार घालू नये, कारण छिद्र मोठे झाले की जेट निकामी होतो. क्लीनरमध्ये भिजवून तांब्याच्या तारेचा एकच मऊ धागा हलक्या हाताने फिरवावा. थ्रॉटलच्या पडद्याजवळ सुईच्या टोकाएवढी जी छिद्रे असतात, त्यांतूनही कॉम्प्रेसरची हवा आरपार गेली पाहिजे.

मिक्श्चरचा (आयडलिंगच्या हवा-पेट्रोल मिश्रणाचा) स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच आत बसवत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवावे. जोर लावल्यास त्याचे टोक किंवा त्याची बैठक खराब होते. हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल, तर बाहेर काढल्यावर पेट्रोल वाढते. एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर हवा वाढते. हा फरक न जाणल्यामुळे अनेकजण नेमके उलटे ट्यूनिंग करून बसतात. इंजिनाच्या बाजूच्या स्क्रूवर बहुधा स्प्रिंग, वॉशर आणि बारीक ओ-रिंग असते. ती ओ-रिंग साफसफाईत हरवली असेल, तर तेथूनही हवा शिरते.

एवढे झाल्यावर थंड इंजिनावर टॅपेटचे (व्हॉल्व्हचे) अंतर मॅन्युअलप्रमाणे जुळवावे आणि पॉइंट (जुन्या इग्निशनमधील उघडझाप करणारे संपर्क) असलेली गाडी असल्यास त्यांचे अंतर व स्पार्कचे टायमिंगही पाहावे. दोन्ही कार्बोरेटर व्हॅक्यूम गेजवर (हवेची ओढ मोजणाऱ्या मापकावर) समान करण्याचे काम मात्र अगदी शेवटी, इंजिन पूर्ण तापल्यावर हाती घ्यावे.