दुधाचे दात पडणारच आहेत, म्हणून?

अगं, तू पत्रात चार प्रश्न विचारलेस पण मी अडकले ते दुसऱ्याच ओळीवर. तू लिहितेस, “ताई, मुलगा दोन वर्षांचा आहे, दुधाची बाटली तोंडात असल्याशिवाय झोपतच नाही, हल्ली वरच्या पुढच्या दातांवर पांढरी रेघ दिसते, पण सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या दुधाचे दात आहेत, पडतील.” पडतील ना, पण कधी? पुढचे सहा-सात वर्षांचा झाल्यावर आणि मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तिथेच असतात. तोपर्यंत पोराने चावायचं कशाने? शिवाय त्या दाढा खालून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात, त्या लवकर काढाव्या लागल्या की बाकीचे दात सरकतात आणि मग पुढे तारा लावा.

मला माहितीये दमायला होतं. इथे घरात मदतीला कोणी नाही, सकाळी दोघांना कामावर पळायचं, बाटली दिली की पोर दहा मिनिटांत झोपतं, मग कोण कशाला नाही म्हणेल. पण झोपेत लाळ कमी होते, आणि दात धुवून निघायचे ते लाळेनेच. दूध तसंच दातांवर बसून राहतं, जंतू त्यातली साखर खातात, ॲसिड करतात आणि दात पोखरला जातो. नुसत्या दुधातही साखर असते बरं, वरून घातली नाही म्हणून सुटका नाही. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले असतात, म्हणून कीड आधी वरच्यांना लागते, तुला रेघ दिसली तिथेच.

माझ्या जावेच्या मुलाचं अगदी हेच झालं होतं. रेघ दिसली तेव्हा सगळ्यांनी मिळून “पडतील” म्हटलं, मग ती ब्राउन झाली, मग पोर रात्री रडत उठायला लागलं आणि शेवटी पूर्ण भूल देऊन दोन दात काढले. ऑपरेशनच्या दारात जाऊ जशी उभी होती ना, तेव्हापासून कुणाचंही बाळ दिसलं की मी त्याचा वरचा ओठ उचलून बघते, घरचे वैतागतात पण बघते. तूही महिन्यातून एकदा बघ.

रेघ पांढरी आहे तोवर वेळ गेलेली नाही, फ्लोराइडने ती थांबू शकते, कधी भरूनही येते. ब्राउन खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही. म्हणून डेंटिस्टकडे आत्ताच फोन कर. “अजून लहान आहे ना?” असं विचारतेस, अगं पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हायला हवी होती! असू दे. फोनवर पांढऱ्या रेघेचं आवर्जून सांग, नुसतं चेकअप म्हटलंस तर लांबची तारीख देतील.

आणि रात्रीचं असं कर, दूध बसून पाजायचं, मग ब्रश, मग गोष्ट, त्यानंतर फक्त पाणी. एकदम जमत नसेल तर बाटलीतल्या दुधात रोज थोडं थोडं पाणी वाढवत जा. माझ्या लेकीने तिच्या धाकट्याचं असंच सोडवलं, पहिले काही दिवस आकांत होता, मग स्वारी विसरली. ब्रश तूच करायचास नाहीतर त्याच्या बाबाने, पोराच्या हातात देऊन “तो स्वतः करतो” असं कौतुक नको, सात-आठ वर्षांपर्यंत त्यांचा हात नीट फिरत नाही. डोकं मांडीवर घे, वरून तोंडात बघत घास. रडला तर रडू दे, तोंड तरी उघडतं. सुट्टीत घरी गेलात की तिथेही हेच, तिथे सगळे लाड करणार आणि बाटली परत येणार, आधीच सांगून ठेव.

पेस्ट गिळतो म्हणून बिनफ्लोराइडची आणलीस ती बाजूला ठेव. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, तेवढी पोटात गेली तर काही होत नाही. नंतर वाटाण्याएवढी.

अंगठा चोखतो त्याची आत्ता काळजी नको, बहुतेक मुलं आपणहून सोडतात, चौथ्या वर्षीही चालू असेल तर विचार. आणि मराठीत बोलत नाही म्हणतेस, तर ब्रश करताना तू मराठीत बडबड कर, तेव्हा तो दुसऱ्या कुठल्या भाषेत उत्तर देऊ शकत नाही.